औषध कोंबडीला नको, आधी खुराड्याला
कोंबड्यांना कडुलिंबाचं तेल चोळूनही माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक जीव) परत आले, आणि दिवसा अंगावर काहीच सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून हे लाल माइटच वाटतात. ते रात्री रक्त पितात आणि उजाडायच्या आत कोंबड्या बसतात त्या दांडीच्या टोकाला, फळ्यांच्या फटीत, चिरलेल्या बांबूत जाऊन लपतात. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या अंगाला पांढरं फडकं फिरवा. रक्ताचे डाग उठले की खात्री झाली.

खालचा भुसा, गवत सगळं काढून जाळा. फटीफटीत उकळतं पाणी ओता, वाळलं की चुना फासा, फटी बुजेपर्यंत. उष्ण हवेत त्यांची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, म्हणून पाच-सात दिवसांनी हे सगळं पुन्हा करायचंच. खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. उपाशीपोटी ते कित्येक महिने तग धरतात.

खुडूक कोंबडीकडे मात्र आजच बघा, कळकळीने सांगतोय. ती अंड्यांवरून उठत नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त रक्त तिचंच जातं. तुरा फिका पडला असेल तर रात्री अंड्यांसकट तिला स्वच्छ पाटीत हलवा.

शेतातलं कीटकनाशक कोंबड्यांवर अजिबात मारू नका. पशुवैद्यकांकडून औषध घ्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. पत्र्याखाली कोरडी माती नि चाळलेली राख कायम ठेवा, कोंबड्या आपल्या आपण लोळतात.