४८ घरांची कमी-कार्बन वसाहत: पैसा आधी कशावर घालावा?

गोदाकाठ_४८

नमस्कार मंडळी. नाशिकच्या वेशीवर ३ एकरांत ४८ घरांची सहकारी वसाहत आखली जात आहे. तळमजला अधिक दोन अशा इमारती, वर काळी माती आणि सहा-सात फुटांवर मुरूम. सल्लागाराच्या यादीत तळघरातलं पार्किंग, लाकूडफाट्याचा वायू करून त्यावर वीज आणि गरम पाणी देणारा गॅसिफायर, एमबीबीआर पद्धतीचा (प्लॅस्टिकच्या हलत्या चकत्यांवर जिवाणू वाढवणारा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, हिरव्या भिंती आणि छतावर सोलर एवढं सगळं आहे. बजेट सगळ्याला पुरणार नाही. नकाशे अजून मंजुरीला गेलेले नाहीत, म्हणजे बदल करता येतील. यातलं काय ठेवावं, काय काढावं, आणि बांधताना नेमकं काय बिघडतं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

छज्जा_आणि_सावली

तळघर आधी काढा. एका गाडीला येण्या-जाण्याच्या वाटेसह ३० चौरस मीटर धरा. ४८ गाड्यांना १,४४० चौरस मीटर. खालचा राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) ४०० मिमी, वरचा स्लॅब २०० मिमी आणि भोवतीच्या भिंती मिळून साधारण १,००० घनमीटर आरसीसी होतं. एका घनमीटरला ३५० किलोच्या आसपास सिमेंट आणि १०० किलो सळई, म्हणजे ४०० ते ५०० किलो कार्बन डायऑक्साइड. एकूण ४०० ते ५०० टन, तेही कोणी राहायला येण्याआधीच! शिवाय काळ्या मातीचा दाब त्या भिंतींवर कायमचा. यूडीसीपीआरनुसार (राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार) पार्किंगची किमान संख्या द्यावी लागते, पण ती जमिनीवर देता येते. पोकळ ब्लॉक बसवून मध्ये गवत लावलं तर पाणीही मुरतं.

मग दिशा. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. दक्षिणेच्या खिडकीवर ६०० मिमीचा छज्जा असला तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये भर दुपारी १.२ मीटर उंचीची खिडकी पूर्ण सावलीत राहते आणि डिसेंबरमध्ये खालच्या निम्म्या भागात ऊन येतं. पश्चिमेला छज्जा किती का लांब करा, चारनंतरचं तिरपं ऊन आत शिरतंच. म्हणून जिना, संडास-बाथरूम, साठवणीची खोली पश्चिमेला टाका. तिथे खिडकी द्यावीच लागली तर उभ्या फळ्या किंवा बाहेरून सरकती जाळी द्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडक्यांनाही ३०० मिमीची पट्टी हवी.

छताकडे फार दुर्लक्ष होतं. इको निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते तो आकडा, १.२ पेक्षा जास्त चालत नाही आणि बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा, आरईटीव्ही, १५ च्या आत लागतो. उघड्या १५० मिमी स्लॅबची यू-व्हॅल्यू ३ च्या वर असते. २५ मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारी दाट फोमची पाटी) घातलं तरी ती १ च्या आसपास येते. क्रम महत्त्वाचा: स्लॅब, उताराचा कोबा, वॉटरप्रूफिंग, मग एक्सपीएस, वर जाळी घालून काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढरी चायना मोझॅक. वॉटरप्रूफिंग एक्सपीएसच्या वर घेतलं तर पहिल्या तड्यातून उतरलेलं पाणी थरांत अडकतं आणि गळतीची जागा सापडत नाही. थर्माकोल वापरू नका, तो पाणी पितो.

सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅगचं (पोलादभट्टीची मळी मिसळलेलं) घ्या. पीपीसीत फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) १५ ते ३५ टक्के असते, तेवढं क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक, वाचतं. पण सुरुवातीची ताकद हळू येते आणि ठेकेदार सेंटरिंग मात्र ओपीसीच्या (साध्या सिमेंटच्या) हिशेबानं काढतो. तिथेच स्लॅब खाली वाकतात. आपल्याकडच्या उन्हात १४ दिवस पाणी मारणं निविदेतच लिहा आणि सेंटरिंग काढण्याआधी क्यूबचे (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ताकदीचे) निकाल मागा.

पायाच्या खोदाईत निघालेला मुरूम चाळून यंत्रानं दाबलेल्या मातीच्या विटा होतील. १५ टक्के खडे, ५० टक्के वाळू, १५ टक्के गाळ, २० टक्के चिकणमाती हे प्रमाण उत्तम. त्यात ५ टक्के सिमेंट. काळी माती यात अजिबात मिसळू नये, ती फुगते आणि आक्रसते. विटा पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा आणि चार आठवडे ओल्या राहतील असं बघा. उन्हात रचलेल्या विटांच्या कडा हातानं निघतात.

थेम्सपार

सल्लागाराच्या यादीतला गॅसिफायर वाचून लंडनच्या दक्षिणेची हॅकब्रिजमधली बेडझेड वसाहत आठवावी. ती २००२ मध्ये पूर्ण झाली. तिथेही लाकडाच्या चिपांवर वीज आणि उष्णता एकत्र देणारं १३० किलोवॉटचं यंत्र होतं. ते नीट कधी चाललं नाही. २००५ मध्ये बंद झालं आणि गॅसचे बॉयलर आले. सतत चालण्यासाठी आखलेलं असं यंत्र थांबत-सुरू होत राहिलं की गार पडताना वायूतलं डांबर नळ्यांत साचतं. वनस्पतींच्या आधारे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्पही चालवण्याच्या खर्चामुळे बंद पडला. टिकलं ते भिंतींतलं ३०० मिमी इन्सुलेशन, दक्षिणाभिमुख रचना आणि जवळपासचं साहित्य. दक्षिणेच्या काचेच्या खोल्या मात्र तिथल्या उन्हाळ्यातही तापतात, तेव्हा ते डिझाइन नाशिकला उचलू नका.

पार्किंगसाठी जर्मनीतल्या फ्रायबुर्गची फाउबान वसाहत बघा. गाड्या कडेच्या गॅरेजात, आतले बरेच रस्ते मुलांना खेळायला मोकळे. गाडी नसलेलं कुटुंब तसं लिहून देतं आणि पार्किंगच्या जागेचे पैसे वाचवतं. तुमच्याकडेही पार्किंगची किंमत घराच्या किमतीतून वेगळी दाखवा, म्हणजे दुसरी गाडी घेणारा विचार करेल.

पाणीवाट

एसटीपीचं बोलू. ४८ घरांत २०० माणसं धरली तर माणशी १३५ लिटरनं रोज २७,००० लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के, म्हणजे साधारण २१,६०० लिटर सांडपाणी. एवढ्यासाठी एमबीबीआर घेतलात तर टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालवावा लागतो. वीजबिल वाचवायला कोणीतरी तो रात्री बंद करतं, जिवाणू मरतात आणि वास सुटतो. दुसरी अडचण पहिल्या दोन वर्षांची: निम्मी घरं रिकामी असतात, सांडपाणी कमी येतं आणि पूर्ण क्षमतेची टाकी उपाशी राहते. यंत्र घ्यायचंच झालं तर दोन समांतर भागांत घ्या.

जागा आहे, तर सेटलर (गाळ खाली बसवणारी टाकी), त्यानंतर आत आडभिंती असलेली बंद टाकी आणि शेवटी कर्दळ किंवा पाणकणीस लावलेला खडीचा वाफा, हा मार्ग बरा. उतारानं वाहतं, वीज फक्त शेवटच्या पंपाला. बेडझेडच्या प्रकल्पासारखा यात रोजचा खर्च नाही, पण देखभाल आहे. वाफा ६० सेंमी खोल, खडी १० ते २० मिमी आणि धुतलेली. क्रशरची चुरी तशीच टाकली तर वाफा तुंबतो. पाण्याची पातळी खडीच्या ५ ते १० सेंमी खाली ठेवा, डास होत नाहीत. सेटलरमधला गाळ दर दोन वर्षांनी काढला नाही तर तोच वाफ्यात येतो, म्हणून त्याची तरतूद देखभाल निधीत आधीच करा.

स्वयंपाकघराच्या नळीवर ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी पेटी) हवाच. आंघोळीचं आणि संडासचं पाणी वेगळ्या उभ्या नळ्यांतून आणा. आत्ता खर्च थोडा, नंतर भिंती फोडाव्या लागतात. फ्लशच्या पुनर्वापराच्या नळीचा रंग वेगळा ठेवा आणि ताबा देण्यापूर्वी रंगीत पाणी सोडून तपासा, ती पिण्याच्या नळीला कुठे जोडली तर गेली नाही ना.

पाऊस ७०० मिमी धरला तर १०० चौरस मीटर छतावरून सुमारे ५६,००० लिटर मिळतात. पहिले १०० ते २०० लिटर वळवून सोडा. बोअरमध्ये सोडण्याआधी पाणी ओतून चाचणी घ्या, कारण भेगा नसलेल्या काळ्या पाषाणात ते मुरतच नाही. गाड्यांच्या जागेवरचं पाणी बोअरमध्ये कधीही नको.

गोदाकाठ_४८

खूप आभार. तळघर आणि गॅसिफायर काढायला सदस्य तयार होतील असं वाटतं. हिरव्या भिंती आणि सोलरचं काय?

छज्जा_आणि_सावली

हिरव्या भिंतींना ठिबक, पंप आणि माळी कायमचा लागतो. त्याऐवजी पश्चिमेला कडुनिंब, करंज लावा, पण काळ्या मातीत पायापासून अंतर राखून.

सोलर जरूर घ्या. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर लागतात आणि वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास मिळतात. ३० किलोवॉटचे ४२,००० युनिट. ग्रिडच्या वीजेला युनिटमागे ०.७ किलो धरलं तर वर्षाला २९ टन कार्बन डायऑक्साइड टळतो. आधी हिशेब केलेल्या तळघराचं कार्बन फेडायला याच सोलरला १४ ते १७ वर्षं लागली असती. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, मर्यादा घरटी ३ किलोवॉट. पाण्याच्या टाक्या आणि जिन्याची खोली छताच्या उत्तर टोकाला घ्या. एका पॅनेलवर सावली पडली तर त्या सगळ्या साखळीची वीज घटते. केबलसाठी ५० मिमीची रिकामी नळी छतापासून मीटररूमपर्यंत स्लॅब ओततानाच टाकून ठेवा, आणि पॅनेल धुण्यासाठी वर एक नळ.