अटॅचमेंटने मेल झोपवलं: तुमचे अनुभव

कळफलक
भाची आज विचारत होती, "मावशी, एका अटॅचमेंटने आख्खं सॉफ्टवेअर कसं बंद पडेल?" तिने मेल कायम ब्राउझरमध्येच पाहिलेलं, तिला काय कळणार. मला मात्र जुनी नोकरी आठवली. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी नकाशांचे भलेमोठे स्कॅन एकाच मेलला जोडले. मेल आउटबॉक्समध्ये अडकलं. प्रोग्राम उघडला की तेच पाठवायला धावायचा, गुदमरायचा, बंद. मेल खोडावं तर ते 'जात असल्यामुळे' खोडता येईना. शेवटी सिस्टिमवाला मुलगा आला, एक अक्षर न बोलता नेटची वायर उपटली आणि मग प्रोग्राम उघडला. पाठवायला वाटच नाही म्हटल्यावर तो मुकाट बसला. आउटबॉक्स रिकामा केला, वायर परत लावली, गेला. काका बघतच राहिले.
लिहा तुमचेही. उपाय असतील तर भाचीला दाखवते.

गोगलगाय
प्रिव्ह्यू!!! आमच्याकडे मेल कोणी उघडलंच नव्हतं, नुसतं सिलेक्ट झालं की धाडकन बंद. बाजूचा वाचायचा भाग आपणहून आतलं दाखवायला जातो ना. वेबमेलमधून ते मेल दुसऱ्या फोल्डरात हलवलं तेव्हा सुटलो. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालून येते.

दीडशहाणा
@गोगलगाय विंडोजवरचा आउटलुक हा मेलचा प्रोग्राम (जुना, 'क्लासिक') असेल तर कंट्रोल दाबून धरायचं आणि आयकॉनवर क्लिक करायचं, सेफ मोडमध्ये उघडू का विचारतं. त्यात अ‍ॅड-इन (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद असतात आणि प्रिव्ह्यूही. तिथे नीट चाललं तर अ‍ॅड-इन एकेक करून बंद करत जा, चोर सापडतो. बहुतेकदा फाइल बिचारी निर्दोष असते, तिला आधी हात लावणारा अँटिव्हायरसच मरतो. थंडरबर्ड हा दुसरा मेलचा प्रोग्राम, त्यात हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे, काम तेच.

उनाडपाखरू
+१ अँटिव्हायरस. आमचा झिप फाइल दिसली की ध्यानाला बसायचा 😂

जुनंखोड
पोरांनो, २ जीबी विसरलात होय? आउटलुक २००२ पर्यंत पीएसटी फाइलची कमाल मर्यादा तेवढीच. सगळी मेलं, सगळ्या अटॅचमेंट त्या एकाच फाइलीत. ती भरली की शेवटच्या अटॅचमेंटवर आळ, खरं तर आधीच्या ढिगाने घात केलेला. मग मायक्रोसॉफ्टचंच एक टूल घेऊन फाइलचं शेपूट छाटायचं आणि स्कॅनपीएसटी या दुरुस्तीच्या टूलने उरलेली दुरुस्त करायची. शेपटात कोणती मेलं गेली ते देव जाणे. २००३ मध्ये नवा साचा आला, मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५०. दुरुस्तीआधी फाइलची कॉपी काढा, एवढं ऐका म्हाताऱ्याचं.

गोगलगाय
आले. @जुनंखोड काका, शेपूट छाटलेल्या फाइलीत आमच्या साहेबांची बढतीची मेलं होती असं ऑफिसात बोललं जायचं. बढती काही झाली नाही 🙈

उनाडपाखरू
😂😂 साहेबांना सांगायचं, अजून आउटबॉक्समध्येच आहे

शाईसांडली
मला वेगळाच त्रास. रोज एकाच नावाची पीडीएफ यायची, मी मेलमधूनच उघडायचे. एके दिवशी 'फाइल तयार करता येत नाही'. डिस्कवर जागा ढीगभर!

दीडशहाणा
@शाईसांडली मेलमधून थेट उघडलेली फाइल एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरात उतरते. तेच नाव आलं की पुढे (१), (२) लागत जातं, आणि आउटलुक ९९ च्या पुढे मोजत नाही. तो फोल्डर रिकामा केला की झालं. आधी सेव्ह करून मग उघडली तर हा प्रश्नच येत नाही.
आणि पाठवताना: अटॅचमेंट मजकुरात बदलून जाते, ३ बाइटची ४ अक्षरं. म्हणून १८ एमबीची फाइल २४ च्या वर जाते. मर्यादा २५ ची असेल तर २० ची फाइल परत येणारच.

शाईसांडली
९९!!! कोणी ठरवलं हे? धन्यवाद हो, उद्या तो फोल्डर शोधते.

कळफलक
भाचीने सगळं वाचलं. म्हणाली, "एवढं करण्यापेक्षा लिंक का नाही पाठवली?" 😐

जुनंखोड
तिला सांग, लिंक उघडायला परवानगी मागते आणि परवानगी देणारा रजेवर असतो.

उनाडपाखरू
विषयांतर, पण winmail नावाची .डॅट फाइल येते ती कशी उघडायची?? उत्तर येईपर्यंत पळत नाही इथून

दीडशहाणा
उघडू नकोस. पाठवणाऱ्याला सांग, आउटलुकमध्ये रिच टेक्स्टऐवजी एचटीएमएल निवडून परत पाठव.

गोगलगाय
@उनाडपाखरू कालचा प्रिंटर चालू झाला का तुझा?