मदत हवी आहे : आकडे बरोबर आहेत, पण ऐकणाऱ्यांना पटत नाहीत

त्रैराशिक : आमचे वित्तप्रमुख पुढच्या आठवड्यात वर्षाचे निकाल मांडणार आहेत आणि त्यांचे सादरीकरण मला तयार करायचे आहे. विक्री वाढली, नफा वाढला, तरीही हातातली रोकड घटली. मागच्या वेळी ढीगभर स्लाइड दाखवूनही "मग पैसा गेला कुठे?" हाच प्रश्न शेवटी आला, म्हणून या वेळी गोष्ट सांगा असा आदेश निघाला आहे. गोष्ट सांगायची म्हणजे नेमके काय करायचे, ते कृपया लवकर सांगावे.

खतावणी : समोर कोण बसणार आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. कर्ज परत येईल ना आणि करारातल्या अटी पाळल्या जातील ना, हे बँक पाहते. भागधारकाला पुढची वाढ दिसावी लागते. शिवाय रोकड कशामुळे घटली?

पायरीपायरीने : श्रोते कोणीही असोत, वॉटरफॉल चार्ट वापरा. डावीकडे निव्वळ नफा, त्यात घसारा (यंत्रसामग्रीच्या झिजेपोटी नफ्यातून वजा झालेली, पण रोख बाहेर न गेलेली रक्कम) मिळवा, मग वाढलेली येणी (ग्राहकांकडे थकलेली रक्कम), वाढलेला साठा आणि भांडवली खर्च एकेक करून वजा करत उजवीकडे रोकडीतल्या बदलापर्यंत या. मी वर्षानुवर्षे हेच करत आलो आहे.

साधेसरळ : चार्ट 'किती' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकांतून 2004 साली स्लाइड हद्दपार झाल्या आणि सलग वाक्यांत लिहिलेली टिपणे आली, ती याच कारणाने: सुट्या मुद्द्यांमध्ये कार्यकारणाचा दुवा गाळला तरी खपून जातो. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरेन बफे आपल्या कंपनीच्या भागधारकांना पत्र लिहिताना आपल्या बहिणींना डोळ्यांपुढे ठेवत. त्या हुशार, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नव्हेत.

पायरीपायरीने : बफे स्वतः मोठे भागधारक होते. पगारी वित्तप्रमुखाने पत्रलेखन सुरू केले, तर संचालक पहिल्याच परिच्छेदात आकडा मागतील.

तपासनीस : गोष्टीच्या नादात दरवर्षी होणाऱ्या खर्चाला 'एकवेळचा' म्हणू नका, एवढीच विनंती. नफ्याचा स्वतः बेतलेला (उदा. असे खर्च वगळून काढलेला) आकडा दाखवणाऱ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अमेरिकेत 2003 पासून त्याचा अधिकृत आकड्याशी मेळही घालून दाखवावा लागतो. कायदा लागू असो वा नसो, ही शिस्त चांगली.

रंगसंगती : स्लाइडची पार्श्वभूमी गडद ठेवू नये, छापील प्रतीत अक्षरे बुडतात.

त्रैराशिक : रंगाविषयी विचारलेले नाही. आधी संचालक मंडळ, दुसऱ्या दिवशी बँक. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. एका मोठ्या ग्राहकाला उधारीची मुदत वाढवून दिल्याने सरासरी वसुली 45 दिवसांवरून 72 दिवसांवर गेली. ताळेबंद पाहिल्यावर हे कोणालाही दिसते.

खतावणी : तुम्हाला दिसते, त्यांना दिसत नाही, म्हणून तर तो प्रश्न आला. वाढलेले 27 दिवस म्हणजे वर्षाच्या विक्रीपैकी सुमारे 7.4 टक्के रक्कम ग्राहकांकडे जास्तीची अडकली. "नफा झाला, पण तो अजून वसूल व्हायचा आहे" हे पहिल्याच स्लाइडवर लिहा, म्हणजे वाईट बातमी कोणाला खणून काढावी लागणार नाही. त्यानंतर मुदत का वाढवली, बदल्यात काय मिळाले, पैसे कधी येतील आणि न आल्यास काय करणार, या क्रमाने जा. वॉटरफॉल चार्ट दुसऱ्या स्लाइडवर असू द्या. त्या बाबतीत पायरीपायरीने यांचे बरोबर आहे. बँकेपुढे आकडे तेच ठेवा, फक्त वसुली आणखी लांबली तरी हप्ते कशातून भरणार, यावर जास्त वेळ द्या.

त्रैराशिक : मुदत वाढवण्याचा निर्णय विक्रीप्रमुखांचा होता आणि ते बैठकीत असतील.

साधेसरळ : "मोठी मागणी मिळवण्यासाठी कंपनीने उधारीची मुदत वाढवली" एवढेच लिहा, आणि ती स्लाइड त्यांना आदल्या दिवशी दाखवा. पैसे कधी येतील, याची खात्रीची तारीख त्यांच्याकडूनच मिळेल.