टेपची सूं की तबकडीची खरखर? बेळगाव भागातले अनुभव

माळ्यावरून चौदा एलपी (लाँग-प्ले तबकड्या) आणि बुटाच्या खोक्यात कोंबलेल्या कॅसेटी निघाल्या. दोन्ही लावून बघितल्या आणि घरात दोन पक्ष पडले. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या मंडळींनी आपापलं लिहावं. 'एलपी म्हणजे एलपीच' एवढं लिहून पळू नका.

वडगाव :
आमच्याकडं चार माग. त्या खडखडाटात टेप फुल्ल आवाजात. एकदा लाईट गेली, माग थांबले, टेप मात्र सेलवर चालूच. तेव्हा पहिल्यांदा गाण्यामागं कुणीतरी स्टोव्ह पेटवून ठेवल्यासारखी सूंऽऽ ऐकू आली. बिघडला म्हणून मी बंद केला. बाबा म्हणाले, ''लाव की रे, तसंच असतंय ते.''

निपाणी :
वडील लग्नाला लौडस्पीकर द्यायचे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. यंत्राजवळून हलायची सोय नाही, ताट तिथंच यायचं. कॅसेट आल्यावर ते पंगतीत बसायला लागले. आवाज कुठला चांगला विचारलं तर एवढंच सांगतात. खरं कर्ण्यातून दोन्ही सारखंच ऐकू यायचं हो!

टिळकवाडी :
दुरुस्तीचं काम बरीच वर्षं केलं म्हणून लिहितो. कॅसेटचा आवाज बसका म्हणतात, तो पुष्कळदा हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणाऱ्या भागाचा दोष. हेडशेजारी बारीक स्क्रू असतो. हेड टेपला काटकोनात नसलं की टाळ, झांज, तंबोऱ्याची झणक आधी जाते. गाणं चालू ठेवून स्क्रू किंचित फिरवायचा, टाळ खणखणला की थांबायचं. त्याआधी हेड स्पिरिटनं पुसा.

एलपीचं दुखणं वेगळं. मिनिटाला ३३⅓ फेरे ठरलेले, खरं बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खोबण सरकते आणि लेबलाजवळ २०-२२. म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' फाटतो. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरनंच चालते, पण शेवटपर्यंत तेवढ्याच चालीनं.

खानापूर :
आमच्या पावसात दोन्हीला बुरशी. तबकडी धुता येते. कॅसेट नाही.

सुळेभावी :
कुमार गंधर्व १९२४ साली आमच्या गावात जन्मले, त्यामुळं शास्त्रीय गाण्याबद्दल बोलायचा हक्क आम्ही सगळे जन्मतःच घेऊन येतो. एलपीची बाजू वीस-बावीस मिनिटांची, विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रंगेपर्यंत सुई आत पोचते. काका बैठकीत गाणं भरायला नव्वदची कॅसेट लावून बसायचे, एका बाजूला पाऊण तास. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, वर कुणाचातरी खोकला. एका बैठकीत बाजू पलटेपर्यंत तान येऊन गेली. काका ती तान आजही स्वतः म्हणून दाखवतात, आणि दर वेळी वेगळी.

धागाकर्ता :
टिळकवाडीकर, स्क्रू फिरवला. पहिली कॅसेट काय खुलली म्हणून सांगू! खरं आता बाकीच्या सगळ्या बसक्या यायला लागल्यात.

टिळकवाडी :
त्या दुसऱ्या टेपवर भरलेल्या असणार. फिरवा परत.