मदत हवी आहे : आत्याच्या सैन्यसेवेची नोंद नेमकी कशी लिहावी? (नाशिक)

नमस्कार.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर या हुद्द्यावर निवृत्त झालेली माझी आत्या गेल्या श्रावणात देवळाली कॅम्प येथील राहत्या घरी वारली. येत्या श्रावणात तिचे वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी नातेवाईक व परिचितांना देण्यासाठी सोळा पानांची छोटी स्मरणपुस्तिका काढावी, असे आम्ही भावंडांनी ठरवले असून मजकूर मी लिहायला घेतला आहे. दुसऱ्याच पानावर अडलो, म्हणून हा धागा.

तिच्या दशक्रियेच्या वेळी आम्हीच लावलेल्या फलकावर ‘सेवानिवृत्त परिचारिका’ एवढेच छापले होते. रामकुंडावर आलेल्या एका वृद्ध माजी सुभेदारांनी तो फलक वाचला, मला बाजूला घेतले आणि विचारले, “मॅडमचा हुद्दा का नाही लिहिला?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या घरात ‘आत्या मिलिटरीत नर्स आहे’ हे वाक्य इतकी वर्षे बोलले गेले, की तिच्या खांद्यावर राष्ट्रपतींनी दिलेल्या कमिशनची, म्हणजे अधिकारीपदाची, चिन्हे होती हे कोणाच्या ध्यानीच राहिले नाही.

आता पुस्तिकेच्या निमित्ताने दुसरे टोक गाठले जात आहे. चुलतभावाने पाठवलेल्या मसुद्यात ती ‘सैन्यातील पहिल्या महिला अधिकाऱ्यांपैकी एक’ आहे. हे मला मान्य नाही. पहिल्या दहा लष्करी परिचारिका २८ मार्च १८८८ रोजी मुंबईच्या बंदरात उतरल्या, इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १ ऑक्टोबर १९२६ रोजी स्थापन झाली आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिच्यातील परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. आत्याला कमिशन मिळाले १९६८ साली. ती पहिली नव्हती, आणि तिला तसे म्हणवून घ्यायची हौसही नव्हती. उलट ‘सैन्यात स्त्रिया १९९२ साली आल्या’ असे वर्तमानपत्रात वाचले की ती चिडत असे, कारण ते वर्ष इतर शाखांमध्ये स्त्रियांना प्रवेश मिळू लागल्याचे आहे आणि डॉक्टर व परिचारिका त्याच्या कितीतरी आधीपासून सैन्यात आहेत. १९७६ साली गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या, तो हुद्दा गाठणाऱ्या भारतीय सैन्यदलांतील त्या पहिल्या स्त्री, आणि त्या याच सेवेतल्या. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर २०२१ साली आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, तेव्हा शेजारच्या मुलींना ती बातमी वाचून दाखवून आत्याने पुढे एवढेच म्हटले होते, “यांच्या आधी रामबाई होत्या, हेही लक्षात ठेवा.”

आमच्याजवळ जे आहे ते एका काळ्या लोखंडी ट्रंकेत आहे, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात तिचे नाव व ‘एनआर’ या अक्षरांनी सुरू होणारा सेवाक्रमांक रंगवलेला आहे. आत पीपीओची (निवृत्तिवेतनाच्या आदेशाची) जीर्ण प्रत, काही पदके, कात्रीने कडा कापलेली तीन छायाचित्रे आणि औषधांच्या मात्रा लिहिलेली वही आहे. सिन्नर तालुक्यातल्या गावातून पुण्याला प्रशिक्षणासाठी गेलेल्या मुलीचे एकही पत्र त्यात नाही.

पदकांनी मात्र आमची एक समजूत मोडली. १९७१ च्या युद्धात ती जम्मूला होती, असे घरात कायम सांगितले गेले. ट्रंकेत निघाले ते पश्चिमी स्टार नव्हे, तर पूर्वी स्टार, आणि हे पदक पूर्व आघाडीवरील सेवेबद्दल दिले जाते. एका छायाचित्रात तंबूसमोर पांढऱ्या गणवेशातल्या सात जणी उभ्या आहेत. मागे पेन्सिलीने ‘डिसेंबर ७१’ असे लिहिलेले आहे आणि जिथे रुग्णालयाच्या नावाची पाटी असावी नेमका तोच कोपरा कापला गेला आहे. युद्धाविषयी ती बोलत नसे. एकदाच, मी बारावीत असताना, तिने सांगितले होते की एका वॉर्डात आपले जवान होते, शेजारच्या वॉर्डात शत्रूचे जखमी कैदी होते, आणि रात्री दोन्हीकडून पाण्यासाठी एकाच शब्दाची हाक यायची : “सिस्टर.”

तिच्या अविवाहित राहण्याविषयी पुस्तिकेत लिहावे की नाही, यावर घरात वाद आहे. १९७९ च्या सुमारास तिने एका चांगल्या स्थळाला नकार दिला, तेव्हा ‘मिलिटरीत राहून डोक्यात हवा गेली’ असे नातेवाइकांत बोलले गेले, आणि ते बोलणे अगदी तिच्या म्हातारपणापर्यंत तिची पाठ सोडत नव्हते. वास्तविक १९७७ च्या आर्मी इन्स्ट्रक्शन क्रमांक ६१ नुसार या सेवेतील अधिकारी स्त्रीने लग्न केल्यास तिची सेवा समाप्त करता येत होती, आणि ही तरतूद मागे घेतली गेली ती ऑगस्ट १९९५ मध्ये. तेव्हा आत्या ४९ वर्षांची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाच्या कारणावरून १९८८ साली सेवेतून काढलेल्या सेलिना जॉन या लेफ्टनंटच्या बाजूने निर्णय दिला, असा नियम मनमानी असल्याचे म्हटले आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “आता तुझ्या काकांना दाखव.” काका त्याआधीच गेले होते. माझ्या मते हा परिच्छेद पुस्तिकेत असायलाच हवा, पण ज्यांनी तिला तसे बोल लावले त्यांची मुलेबाळे आज ती पुस्तिका हातात घेणार आहेत, त्यामुळे शब्द कसे असावेत याबद्दल अनुभवी लोकांनी सुचवावे.

माझी मुख्य विनंती तिच्या नेमणुकांच्या क्रमाबद्दल आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी पुढील आठवड्यात जाणार आहेच; तिथे पीपीओ व मृत्यू दाखल्याबरोबर आणखी कोणती कागदपत्रे न्यावीत, आणि पुतण्याच्या नात्याने माहितीच्या अधिकाराखाली सेवेचा तपशील मागताना अर्ज कसा लिहावा, हे कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया सांगावे. देवळालीच्या लष्करी रुग्णालयात तिची शेवटची नेमणूक होती. लॅम रोड, भगूर किंवा नाशिक रोड परिसरात तिच्याबरोबर काम केलेले कोणी असल्यास मला निरोप पाठवावा, मी स्वतः भेटायला येईन. नाव मी इथे जाहीर लिहीत नाही, निरोपात कळवीन. आणि हुद्दा नावाआधी ‘मेजर’ असा लिहून पुढे कंसात ‘निवृत्त’ लिहावे, हे बरोबर आहे ना? एवढी एक चूक पुन्हा व्हायला नको.

पुरवणी, नऊ दिवसांनंतर :

सर्व प्रतिसादकांचे मनःपूर्वक आभार. हुद्द्याची पद्धत तीच बरोबर असल्याचे तिघांनी कळवले. पदकाची कड भिंगाने पाहा, ही सूचना फार उपयोगी पडली. १९७१ च्या युद्धकाळातील सेवेबद्दलच्या संग्राम मेडलच्या कडेवर तिचे नाव आणि हुद्दा कोरलेला आहे, आणि तो ‘कॅप्टन’ असल्याने पदक कोरले गेले तोवर तिला बढती मिळाली होती, हे आम्हाला प्रथमच कळले. दुसरी सूचना भारताच्या राजपत्राची होती : भाग १, विभाग ४ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बढत्या छापल्या जातात आणि जुने अंक संकेतस्थळावर पाहता येतात. १९६८ पासूनचे अंक माझी मुलगी रोज रात्री जेवणानंतर चाळते आहे. सध्या ती १९७० च्या जुलैपर्यंत पोहोचली आहे.

छायाचित्रातील तंबू अजून कोणाला ओळखता आलेला नाही. कापलेल्या कडेजवळ पाटीवरच्या शेवटच्या अक्षराचा अर्धा भाग दिसतो आहे. तेवढ्या भागाची मोठी केलेली प्रत खाली जोडत आहे. ज्यांच्या घरी त्या काळातील फील्ड हॉस्पिटलांची छायाचित्रे असतील त्यांनी ती एकदा ताडून पाहावी.