मुलांसोबत गाइड घेऊन बेट बघताना

विषुववृत्ताजवळच्या बेटावर गेलात की एकाच दिवसात धबधबा, किनारा आणि बोटीची फेरी, तिन्ही बसवा असं काही जण सुचवतात. लहान मुलं असतील तर दोनच ठेवा. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर साधारण १२ तासांचाच, आणि सूर्य मावळला की अर्ध्या तासात काळोख. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून ढकललेलं राहूनच जातं. गाइडला आधी ओहोटीची वेळ विचारा. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे-शंख शोधताना पोरं तासभर हलत नाहीत (आपल्यालाही तेवढंच टेकायला मिळतं!). पायात बूट मात्र हवेतच, प्रवाळाने कापतं. बोटीवर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे बुकिंगआधीच विचारा. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटतं. ११ ते ३ सावलीतच काढा.