ताकाच्या निवळीत मासे: तातडीने मदत हवी

दर्यावर्दी_२१: बुधवारी घेतलेली मासळी शनिवारी ताजी म्हणून द्यायची आहे. फ्रोझन गिऱ्हाईक घेत नाही. दह्याच्या जंतूंनी मासे टिकतात असं वाचलं, म्हणून निवळीत बुडवून ठेवले. वरून पांढुरके पडलेत, वासही येतोय. निवळ किती, मीठ किती? प्रमाण सांगा, लेक्चर नको.

खवय्या: मासा कुठला? कोथळा काढलाय का? फ्रिज की बर्फ?

मालवणी_तडका: निवळ कसली लावताय! आगळ नि मीठ चोळा. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच.

खवय्या: आगळ कालवणापुरतं, हो. तीन दिवस मासा ताजा ठेवायला नव्हे.

जंतूशास्त्री: पांढुरकं झालं ते आम्लामुळे. लिंबू पिळल्यावर होतं तसंच. दह्याचे जंतू फ्रिजच्या थंडीत जेमतेम वाढतात आणि माशात त्यांना खायला साखर जवळजवळ नसतेच. म्हणून तर जपानी फुनाझुशी नि फिलिपिन्सच्या बुरोंग इस्दा या आंबवलेल्या माशांत भात घालतात. उलट मासा नासवणारे स्यूडोमोनास ० अंशालाही वाढतात. दुधाच्या जंतूंपासून मिळणारं नायसिन हे जंतुरोधकही एकटं त्यांना आवरत नाही. थंडीत वाढणारे कार्नोबॅक्टेरियम जंतू वापरतात, पण ते व्हॅक्यूम पॅक स्मोक्ड सॅल्मनवर, लिस्टेरिया या रोगजंतूविरुद्ध. तुमच्या विरजणात ते नाहीत.

पूर्वेचा_वारा: मणिपूरची ङारी खाल्लीये का कुणी? वाळवलेले छोटे मासे मडक्यात दाबून महिनोन्महिने मुरवतात. इरोंबा हा तिथला पदार्थ तिच्याशिवाय होत नाही!

दर्यावर्दी_२१: ङारी नकोय. बांगडा आहे, अख्खा, फ्रिजमध्ये. आता तरी प्रमाण?

जंतूशास्त्री: बांगडा?! हे आधी सांगायचं ना. बांगडा, तारली, ट्यूना थंडीत नीट नसले की त्यात हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होतं. तळा, उकळा, ते जात नाही. तोंड लाल, डोकं ठणकतं, उलट्या. आणि वास येण्याआधीही होऊ शकतं. वास आलेली ती खेप विकू नका.

मालवणी_तडका: खारा बांगडा खाऊन आम्ही मोठे झालो, काही झालं नाही.

खवय्या: खारा म्हणून विका की मग! ताजा म्हणून कशाला?

जंतूशास्त्री: आणताच कोथळा नि कल्ले काढा, धुवा, खाली-वर बर्फाचा चुरा घाला, वितळलेलं पाणी वाहून जाऊ द्या. फ्रिज ४-५ अंशांवर असतो, बर्फात मासा ० च्या आसपास राहतो.

घरची_सुगरण: पापलेटलाही दही चोळून ठेवलं तर चालेल का? रविवारी पाहुणे आहेत.

दर्यावर्दी_२१: बर्फ मलाही माहितीये. मीठ किती, ते कोणीच सांगितलं नाही.